डावीकडचं तिसरं शिंग

डावीकडचं तिसरं शिंग पुन्हा तोमोएच्या कानशिलात घुसलं.

तिने मुखवटा काढून टेबलावर ठेवला आणि भाडं वाढवणाऱ्या घरमालकाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

वेशभूषा स्पर्धेसाठी केलेला हा मुखवटा ‘राखेचा दरबार’ या व्हिडिओ गेममधल्या शिंगराणीचा होता. पांढरा हरिणमुखी चेहरा आणि वर सहा शिंगांचा मुकुट. पाच शिंगं शहाण्या मुलांसारखी सरळ वर जात. डावीकडचं तिसरं मात्र कपाळातून मुखवट्याच्या आत शिरत होतं आणि कानामागून बाहेर येत होतं. मधल्या वाटेत राणीचं काय होत असे, राणीला ठाऊक. तोमोएचं तिथे डोकं होतं.

“बाहेरून चिकटव की,” कायो म्हणाली. कायो तिची मैत्रीण. त्याच स्पर्धेसाठी तीही शिंगराणीच करत होती, आणि तोमोएची फोम वाकवायची हीट गन मागायला आली होती. “सगळे तेच करतायत. मी तर त्या शिंगातून मोकळीसुद्धा झाले.”

“गेममध्ये आतून जातं.”

“गेममध्ये ती मेल्यावर परत उठते. तेही करून दाखवणारेस?”

तोमोएने मुखवटा पुन्हा हातात घेतला. गेल्या वर्षी ती एका बटणामुळे हरली होती. बटण डाव्या बाजूला हवं होतं, तिने उजवीकडे लावलं होतं. “स्पर्धेच्या दिवशी गेममध्ये जसं दिसतं, तसंच,” परीक्षक कुझे-सान वाकून म्हणाले होते, “आमचा तेवढा एकच नियम आहे.” कुझे-सान यांचा नाटक-सिनेमांसाठी मुखवटे करायचा कारखाना होता, आणि स्पर्धा जिंकणाऱ्याला ते कामावर घेत. न जिंकणाऱ्याला नागोयातल्या ओसूच्या बाजारात मामाच्या दुकानात उदोन नूडल्सचे वाडगे उचलायला परत जावं लागे. तोमोए ते कॉलेज सुटल्यापासून उचलत होती.

“गेमच्या कंपनीलाच विचार,” शिगेओमामा म्हणाला. दुकान बंद करून तो भांडी घासत होता. “पण नीट विचार. आधी हवामान, मग त्यांची तब्येत, मग मुद्दा.”

“मुद्दा एवढाच, की शिंग कुठून जातं.”

“असं तोंडावर नाही विचारायचं. मागे एक बाई आल्या होत्या. अख्खा वाडगा संपवला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाल्या, ‘तक्रार मुळीच नाही हं, पण रस्सा नेहमी असाच असतो का?’ याला म्हणतात विचारणं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार. आजोबांच्या वेळचा रस्सा होता. त्याच रात्री बंद केला.”

तोमोएने मामाच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. प्लमच्या कळ्या फुलू लागल्या आहेत. आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असेलच. तक्रार मुळीच नाही. केवळ माझ्या मंदबुद्धीमुळे डावीकडच्या तिसऱ्या शिंगाची वाट मला उमगत नाही, आणि त्यामुळे अलीकडे झोप येत नाही.

उलट टपाली तीन ओळी आल्या. कंपनी हा विषय अत्यंत गांभीर्याने घेत आहे. शिंगाबद्दल अवाक्षर नव्हतं.

“घ्या म्हणावं गांभीर्याने,” तोमोए म्हणाली आणि फोम कापायला बसली.

पहिल्या प्रयत्नात शिंग आत शिरताना मोडलं. दुसऱ्यांदा आत गेलं, पण मग डोकं जाईना. तिसऱ्यांदा गोंद असा बसला, की मुखवटा निघेना. मामाने उदोन उकळायच्या पाण्याची वाफ देऊन तिला सोडवलं. शेवटी तिने शिंग आतल्या भागात भाकरीसारखं चपटं केलं, दोन्ही टोकांना चुंबक बसवले आणि अर्ध्या सेंटीमीटरसाठी डाव्या कानावरचे सगळे केस भादरून टाकले.

या वेळी शिंग कपाळातून आत गेलं आणि कानामागून बाहेर आलं. राणीसारखंच. ती जिना उतरून दुकानात गेली, तर मामा सवयीने वाकला आणि म्हणाला, “या, बसा.”

“केस येतील परत,” मुखवट्यातून ती म्हणाली.

“भादरलेली बाजू इकडे करू नकोस म्हणजे झालं. गिऱ्हाईक जेवत असतं.”

स्पर्धेच्या दिवशी सभागृहाच्या कपडे बदलायच्या खोलीत सात शिंगराण्या तयार झाल्या. सहाजणींचं तिसरं शिंग बाहेरून होतं. तोमोएला मुखवट्याआड प्रथमच हसू आलं. हसल्यावर शिंग टोचलं, म्हणून तिने ते आवरलं.

कुझे-सान रांगेतून चालत आले. तोमोएपाशी थांबले. चष्मा पुसून त्यांनी शिंग आत जातं तिथे पाहिलं, मग बाहेर येतं तिथे पाहिलं, मग पुन्हा आत जातं तिथे.

“असं काम मी आजवर पाहिलं नाही,” ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी पहिलं बक्षीस कायोला दिलं.

कायोसुद्धा चक्रावली. “माझं?” तिने विचारलं. “मी तर नुसतं चिकटवलंय.”

तोमोएने मुखवटा काढला. भादरलेली बाजू सगळ्यांना दिसली. तिची तिला पर्वा नव्हती. “कुझे-सान, शिंग आतून जातं. मी रात्री झोपायच्या आधीसुद्धा बघून घेतलंय.”

“रात्रीपर्यंत आतूनच जात होतं,” कुझे-सान म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हे त्यांच्या वाकण्यावरून कळत होतं. “आज पहाटे कंपनीने गेम बदलून सगळ्या जगासाठी ते बाहेर काढलं. तुम्ही घरून निघताना पाहिलं नसेल.”

“पण का? कुणाची काही तक्रार नव्हती.”

कुझे-सान यांनी फोनवर कंपनीचं निवेदन उघडलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

“प्लमच्या कळ्यांच्या या दिवसांत,” त्यात लिहिलं होतं, “नागोया येथील ज्या ग्राहकाची झोप आम्ही उडवली, त्यांची समस्त कर्मचारी नतमस्तक होऊन क्षमा मागत आहेत.”