रिकाम्या खुर्च्या

मागच्या महिन्यात नणंदेच्या लग्नात माझ्या वजनानं खुर्ची मोडली. सगळा मांडव हसला, आणि काय झालं ते न कळून माझी चिमुरडी ईश्वरीसुद्धा टाळ्या पिटत हसली. तेव्हापासून चारचौघांत मी खुर्चीवर बसलेच नाही.

आज बीडला वजन जास्त असलेल्या बायकांच्या गटात पहिल्यांदा गेले. तिथंही कुणी हसलं तर पुन्हा घराबाहेर पडायचं नाही, असं ठरवूनच गेले होते. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, आणि सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"शिरूरपासून एसटीत बसूनच आले, जरा पाय मोकळे करते," एक म्हणाली.

"मला बाई उभंच बरं वाटतं," दुसरी म्हणाली.

मीही कंबर धरल्याचं ठोकून दिलं.

तेवढ्यात गट चालवणाऱ्या मॅडम आल्या. "अगं बाई, कावून उभ्या सगळ्या? बसा की!"

कुणी हललं नाही. जी ती पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. शेवटी आमच्यात वयानं मोठ्या असलेल्या नीलम्माकाकू हळूच म्हणाल्या, "बसते मी. पण आदी तुमी समद्या तिकडं तोंड फिरवा. मॅडम, तुमीबी."



आम्ही भिंतीकडं तोंड केलं. मागं खुर्ची करकरली, पण एकीनंही मान वळवली नाही.