कोवळं ऊन

पाळणा रिकामा दिसताच मृण्मयी हवाबंद काचेच्या गच्चीकडे धावली. आपलं बाळंतपण करायला पृथ्वीवरून मंगळावर आलेल्या प्रमिलामावशीला तिने बजावलं होतं, की इथली जमीन रात्रभर निवत जाते आणि सूर्य उगवतो तेव्हाच थंडी सर्वांत जीवघेणी असते.

सूर्य वर आला होता. गच्चीच्या दारावरचा तापमानाचा आकडा मात्र अजून उतरतच होता.

मावशी उन्हात बसली होती. स्वतःची शाल, स्वेटर, सगळं तिने मांडीवरच्या बाळाला गुंडाळलं होतं. मृण्मयीने बाळ उचललं. ते ऊबदार होतं, लगेच रडलं.

"मावशी, ऊठ. आत चल."

"तेल लावून कोवळं ऊन द्यायचं असतं गं बाळाला," मावशी निळ्या ओठांनी पुटपुटली. "वाटलं, आत्ता तापेल, मग तापेल. आता पाय उचलत नाहीत."