खुणांचा वर्ग

मुख्याध्यापिका दमयंती खानोलकरांनी वैतागून टेबलावर हात आपटला. बोटं वळतच नव्हती. कर्णबधिर कस्तुरी शाळेत आल्यावर सगळ्या शिक्षकांनी खुणांची भाषा शिकावी, हा हुकूम त्यांचाच. आणि त्या वर्गात सगळ्यांत ढ त्याच.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही शिकतोय ना," देसाईसर म्हणाले.

"आणि मी काय तिच्यासमोर भिंतीसारखी उभी राहू?" त्या करवादल्या.

कालच कस्तुरीचे वडील तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले होते. "पोरीशी कुणी बोलतच नाही, बाई. रोज रडत येते." बाईंनी कशीबशी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली होती.

सोमवारी वडील फाटकाशीच थांबले. प्रार्थनेनंतर बाईंनी सगळ्या शाळेसमोर कस्तुरीला खुणेनं विचारलं, "कशी आहेस?" खूण चुकली. कस्तुरी खुदकन हसली, पुढे आली आणि बाईंची बोटं धरून नीट करू लागली. बाईंचे कान तापले, पण हात मागे घेतला नाही. पुन्हा चुकल्या, स्वतःवरच चरफडल्या.

अखेर जमलं. कस्तुरीनं भराभर उत्तर दिलं. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. मग तिनं फाटकाकडे वळून वडिलांना हातानंच सांगितलं, तुम्ही जा आता.