नळ्यांचा आकडा

“सोळा हजार नग, आणि पुढच्याच वर्षी आठ हजार. काका, निम्मे पेशंट कुठे पळाले?”

स्टोअरकीपरने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला. “पळतात कसले! उलट खाटा वाढल्या.”

“मग लघवीच्या नळ्या कशा कमी झाल्या?”

“चहा सांगू का, मॅडम?”

शहराच्या खरेदीचा पर्यावरणावर किती भार पडतो, ते मोजणं आणि तो कमी करणं हे तिचं काम. खडूपासून डांबरापर्यंत शहर जे जे विकत घेई, ते कशाचं बनलं, किती लांबून आलं, शेवटी कुठे जाळलं किंवा पुरलं गेलं, सगळं ती मांडून बघे. तिच्यापर्यंत खात्यांच्या नुसत्या बेरजा पोचत; वस्तूवार रजिस्टर ती आज पहिल्यांदाच उघडत होती. गेल्या वर्षी शहराचा भार पाचव्या हिश्शाने उतरला आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. आईने तो कातरून उशीखाली ठेवला होता. अख्ख्या वॉर्डाला दाखवायची. “लेकीने शहराचा कचरा कमी केला. घरात मात्र स्वतःची कपबशी विसळत नाही!”

वॉर्ड याच रुग्णालयातला. मांडीचं हाड मोडून आई इथे आली. ऑपरेशन छान झालं. मग लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात भिनला, आणि अकराव्या दिवशी आई गेली.

“अगं, पंच्याहत्तरीची होती ती,” दादाने फोनवर समजावलं होतं. “आता कुणाच्या मागे लागतेस?”

“ज्याने केलं त्याच्या.”

मोजणी हे आज निमित्त होतं. तिला माणूस हवा होता.

“काका, वापरलेल्या नळ्या धुऊन परत लावत होता ना?”

“उकळून,” तो पुटपुटला. “सिस्टर रोज माझ्याशी भांडायच्या. मी तरी कुठून आणू?”

“आणि नव्या बाहेर विकल्यात?”

“ताई, बत्तीस वर्षं झाली इथे. कापसाचा बोळासुद्धा घरी नेला नाही.”

मॅडमची ताई झाली, ते तिच्या लक्षात आलं. एवढा लाडीगोडीवर आला म्हणजे पाणी मुरतंय.

दारात वॉर्डाची सिस्टर येऊन उभी होती. आईचे डोळे तिनेच मिटले होते. तिने स्टोअरकीपरकडे पाहून हळूच मान हलवली. नको.

“म्हणजे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे,” ती म्हणाली. “कुणाला पाठीशी घालताय?”

“जाऊ द्या ना,” सिस्टर म्हणाली. “आजी आता परत येणार आहेत का?”

“ठीक आहे. उद्या पोलिसांत तुमच्या दोघांच्या नावाने तक्रार जाईल. हुकूम कोणाचा होता, ते त्यांनाच सांगा.”

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पकडलं गेल्याचं असणार, तिला वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच छाती जरा हलकी झाली.

स्टोअरकीपर बराच वेळ किल्ली शोधत राहिला. किल्ली त्याच्या हातातच होती. अखेर त्याने कपाट उघडलं आणि एक फाइल काढून तिच्यासमोर ठेवली.

“बसून वाचा, ताई. तीनदा लिहिलं मी, आम्हाला यातून वगळा म्हणून. उत्तरच आलं नाही.”

ती उभ्यानेच त्यातलं परिपत्रक वाचू लागली. एकदाच वापरायच्या सर्व प्लास्टिक वस्तूंची खरेदी या वर्षी निम्म्यावर आणावी. सबब चालणार नाही. सोबत अडतीस खात्यांची यादी. बागा, शाळा, अग्निशमन. एकोणिसाव्या ओळीत रुग्णालय.

सहीखालचं नाव तिने वाचलं नाही. ते तिचंच होतं.