खुंटीवरचा चेंडू

गवतात रोवलेल्या खुंटीवरून चेंडू तिसऱ्यांदा घरंगळला, तसं बॅग वाहणाऱ्या म्हाताऱ्या कॅडीचं डोकंच फिरलं. गोल्फची पहिलीच फेरी म्हणून दातांच्या डॉक्टरांचे हात लटलट कापत होते, मागे चौघे खोळंबलेले. कालच याच हातांनी कॅडीची दाढ उपटली होती, तेव्हा ते तसूभरही हलले नव्हते. "अहो डॉक्टर, माझ्या तोंडात पक्कड घालताना कुठे गेली होती ही थरथर?" सुजलेल्या गालातून तो करवादला. "सगळे बघताहेत हो," डॉक्टर पुटपुटले. "बघू देत! हे गवत माझं तोंड समजा आणि उरका एकदाचं!" डॉक्टर थबकले. वाकून त्यांनी दोन बोटांनी चेंडू अलगद बसवला, स्टिक उचलली आणि दवाखान्यातल्या मऊ आवाजात चेंडूला म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं!" चेंडू सुसाट गेला. कॅडीने मात्र गाल धरला. कालही ते हेच म्हणाले होते.