थरथर

प्रणितने स्वतः घडवलेला, आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा अल्ट्रासॉनिक ट्रान्सड्यूसर प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. स्क्रीनवर पलीकडच्या भिंतीचा प्रतिध्वनी उमटला. जवळच टांगलेल्या लोखंडी तुकड्याचा पत्ता नाही. “मॅडम, याला लांबचं ऐकू येतं, जवळचं का नाही?” “ओरडून झाल्यावरही तो थरथरत राहतो रे. स्वतःचाच आवाज थांबत नाही, तोवर जवळची साद कशी ऐकू येणार?” रंजिता सवयीने बोलून गेली आणि चरकली. पनवेलच्या खाडीवर धुकं उतरलं, की होडी लोटताना बाबा बजावायचा, “एक हाक मारून गप रावाचं, पोरी. मंग माजी आयकाला येल.” तो परतला नाही त्या सकाळी लहानगी रंजिता धक्क्यावर गळा बसेपर्यंत ओरडत राहिली, गप्प झालीच नाही. “मॅडम?” हातानेच त्याला थांबवत तिने टाकीला कान लावला. धुकं विरल्यावर उपडी होडी सापडली होती, हाकेच्या अंतरावर.