बिनसाखरेचा चहा

छत्तीस वर्षांची घोडी झाली, तरी हेमांगीची आईपासून लपवायची खोड जात नव्हती. रोज फ्रीजमधून इंजेक्शन काढायची आणि बाथरूमची कडी लावायची! बापासारखी हिलाही साखर झाली, असं भागीरथीबाईंनी ठरवून टाकलं आणि लेकीला बिनसाखरेचा चहा सुरू केला.

शेवटी हेमांगीनं कप सरकवला. “मला साखर नाही गं, आई. या इंजेक्शनांनी स्त्रीबीजं वाढतात. ती काढून गोठवून ठेवणार आहे. पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर…”

भागीरथीबाईंनी कप आपल्याकडे ओढला. नवरा गेल्यापासून घरात दोघीच, आणि त्यातली एक कडीमागे.

त्यांनी कपात दोन चमचे साखर घातली. “तुझ्या वडलांना मीच टोचायचे, हूं केलं नाही कधी त्यांनी. लग्नाचं तुझं तू बघ, पण या घरात सुई एकटीनं टोचून घ्यायची नाही.”